कवचवाला अमीबा ओळखायचा कसा? आधी तोंड बघा

शाळेच्या पुस्तकातला अमीबा प्रत्यक्षात शोधायला गेलं की माणूस वैतागतो. ठरलेला आकार नाही, रंग नाही, आणि एवढं करून सापडलाच तर पाच मिनिटांत वेगळाच दिसायला लागतो. नवख्यानं त्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा त्याच्याच गोतावळ्यातले कवचधारी अमीबे बघावेत. पेशी एकच, पण तिच्याभोवती टणक कवच आणि कवचाला एक तोंड. तोंडातून छद्मपाद, म्हणजे पेशीद्रव्याचे तात्पुरते पाय, बाहेर काढायचे, त्यांच्या जोरावर सरकायचं, जीवाणू, शैवाल, बुरशी मिळेल ते खायचं आणि धोका वाटला की आत. अमीबा मेला तरी कवच मागे राहतं, त्यामुळे ओळख पटवायला तो जिवंतच सापडला पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या खडकांत अशा कवचांचे सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचे ठसे मिळालेत, यावरून त्यांचा टिकाऊपणा लक्षात यावा.

जगभरात यांच्या दोनेक हजार जाती नोंदल्या गेल्यात. त्या आकड्याला घाबरू नका. सात-आठ वंश, म्हणजे जवळच्या जातींचे गट, ओळखता आले की कोल्हापूरच्या कुठल्याही तळ्यातला नमुना घेऊन बसायला तुम्ही मोकळे.

मायक्रोस्कोप कोणता चालेल?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो साधा मायक्रोस्कोप पुरेसा आहे: १०एक्सचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), आणि ४एक्स, १०एक्स, ४०एक्स अशी तीन ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं). १००एक्सचं तेलाचं भिंग असलं तर असू द्या, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका. शोधायला १०एक्स आणि ओळखायला ४०एक्स, एवढ्यावर जवळपास सगळं काम भागतं. विकत घेताना भिंगांपेक्षा स्टेजखालचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारा भाग) आणि त्याचा डायफ्रॅम (प्रकाश कमीजास्त करणारा पडदा) नीट उघडझाप होतो का, ते तपासा. पारदर्शक कवचं दिसणं न दिसणं त्याच्यावरच अवलंबून असतं. कागदी फोल्डस्कोप हाताशी असेल तर त्याच्या १४० पट मोठेपणात मोठी गोल कवचं ओळखू येतात. बारीक कवचांना तो कमी पडतो.

बाकीचं सामान घरात आणि मेडिकलच्या दुकानात मिळतं. स्लाइड, कव्हर स्लिप, दोन ड्रॉपर, झाकणाच्या छोट्या बाटल्या, चहाची गाळणी, पांढरी बशी, शिवणकामाची सुई, टिश्यू पेपर, थोडं व्हॅसलिन आणि ग्लिसरीन.

नमुना कुठून घ्यायचा?

रंकाळा, कळंबा, विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव, कोटितीर्थ यांपैकी कुठेही चालेल. मात्र तळ्याच्या मधलं स्वच्छ पाणी बाटलीत भरून आणाल तर पदरात काही पडणार नाही. हे जीव बहुतेक करून कशाला तरी चिकटून किंवा गाळावर सरकत राहतात. म्हणून काठाजवळच्या पाणवनस्पतींचे देठ, केंदाळाच्या झुपकेदार मुळ्या, पाण्यातल्या दगडावरचा बुळबुळीत थर आणि गाळाचा अगदी वरचा, दोन-चार मिलिमीटरचा तपकिरी थर घ्या. त्याखालचा काळा, वास मारणारा गाळ नको. केंदाळावर कोल्हापुरात सगळेच वैतागलेले आहेत, पण एक मुळी बाटलीत खळखळून धुतली की खाली जो गाळ बसतो तो आपल्या कामाचा.

दुसरं ठिकाण त्याहून सोपं: भिंतीवरची मखमली हिरवी गादी, म्हणजे मॉस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर, जांभ्याच्या कुंपणावर ती ठायी ठायी असते. नखाएवढा तुकडा बास. एप्रिलमधली वाळून करकरीत झालेली मॉसही चालते. तिच्यातले अमीबे कवचात गोळा होऊन पडलेले असतात. पाण्यात भिजवून एक दिवस ठेवली की काही पुन्हा हालचाल करू लागतात. पन्हाळ्याच्या तटबंदीवरची मॉस खरवडू नका, ते संरक्षित स्मारक आहे. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यातून तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही उचलायचं नाही. आपल्या परसातली भिंत पुरते.

तळ्याच्या नमुन्यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचे. पावसाचा गढूळपणा बसलेला असतो आणि काठाला वनस्पती भरपूर असतात. पंचगंगेला पाणी वाढलेलं असताना घाटावर नमुने घ्यायला जाणं हा निव्वळ वेडेपणा. एरवीही शहरातल्या पाण्यात सांडपाणी मिसळतं हे ध्यानात ठेवून हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका आणि घरी आल्यावर साबणानं हात धुवा. बाटलीवर तारीख, ठिकाण आणि नमुना कशावरून घेतला ते तिथंच लिहा. घरी आल्यावर लिहू म्हणाल तर सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.

गाळातून कवचं वेगळी काढणं

बाटलीची झाकणं सैल करून सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको. मॉस असेल तर वाटीभर पाण्यात चुरगाळून पिळा, पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, म्हणून पाणी आदल्या रात्री उघडं ठेवलेलं वापरा. हे गढूळ पाणी चहाच्या गाळणीतून गाळून काडी-कचरा काढून टाका आणि खालचं पाणी तासभर स्थिर ठेवा. कवचं जड असल्यामुळे तळाशी बसतात. वरचं पाणी हलक्या हातानं ओतून द्या.

आता उरलेला गाळ पांढऱ्या बशीत घेऊन बशी गोल गोल फिरवा आणि थांबा. जड कण बशीच्या मध्यभागी गोळा होतात. त्या ढिगाच्या कडेचा थेंब ड्रॉपरनं उचलला की एका स्लाइडवर पाच-दहा कवचं मिळण्याची शक्यता बरीच वाढते. नुसता गाळ उचलून स्लाइडवर टाकणाऱ्याला वाळूशिवाय काही दिसत नाही, आणि मग तो म्हणतो, आमच्या तळ्यात काही नाहीच!

स्लाइड लावताना कव्हर स्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचा बारीक ठिपका लावा. वाळूच्या कणांची कवचं जाड असतात. कव्हर स्लिप थेट टेकली तर ती फुटतात किंवा एकाच बाजूवर दाबून बसतात. ठिपक्यांमुळे त्यांना उलटायला जागा राहते, आणि ती जागा पुढे फार कामाला येणार आहे. पाणी सुकायला लागलं की कडेला एक थेंब सोडा, तो आपोआप आत शिरतो.

शोधताना ४एक्सवर फार वेळ घालवू नका. १०एक्स लावून, डायफ्रॅम अर्ध्याहून जास्त बंद करून, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून शेत नांगरल्यासारखी ओळीनं स्लाइड फिरवा. नजर नियमित आकारांवर ठेवा. निसर्गातला कचरा वेडावाकडा असतो. स्वच्छ गोल, लंबगोल किंवा नासपतीसारखं काही दिसलं की थांबा.

आता तोंड

इथं बहुतेक जण रंगावर आणि आकारावर जातात, आणि तिथंच फसतात. माझ्या मते पहिला प्रश्न एकच: या कवचाचं तोंड कुठं आहे? मधोमध, एका बाजूला सरकलेलं, की टोकाला? याचं उत्तर मिळाल्याशिवाय नावाकडे वळू नका. फोकसचं बारीक चाक पुढे-मागे फिरवत कवचाचा वरचा, मधला आणि खालचा थर बघा. तोंड दुसऱ्या बाजूला असेल तर ते खालच्या थरात स्पष्ट होतं. तरीही कळलं नाही, तर सुईच्या टोकानं कव्हर स्लिपवर हलकी टिचकी मारा. कवच कलंडतं आणि बाजूनं दिसतं. बाजूचं दृश्य मिळालं की अर्धा गोंधळ संपतो.

दुसरा प्रश्न: कवच कशाचं आहे? गुळगुळीत, एकसंध, पिवळसर असेल तर ते प्रथिनासारख्या सेंद्रिय पदार्थाचं. वाळूचे कण, डायटमची (काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाची) कवचं चिकटवलेली असतील तर ते बाहेरचा माल गोळा करून बांधलेलं. आणि एकसारख्या, नीट रचलेल्या पारदर्शक खवल्यांचं असेल तर त्या सिलिकाच्या खवल्या अमीबानं स्वतःच तयार केलेल्या असतात. तिसरा प्रश्न जिवंत नमुन्यालाच विचारता येतो: छद्मपाद बोटांसारखे जाड आणि बोथट, की दोऱ्यासारखे बारीक? जाड छद्मपादवाले आणि दोरेवाले हे वंशवृक्षावर एकमेकांपासून बरेच दूर आहेत. दोघांनी कवच स्वतंत्रपणे मिळवलंय.

या तीन उत्तरांवरून पुढचे वंश सुटतात.

तोंड मधोमध, कवच गोल आणि सेंद्रिय: ही आर्सेला. तळ्याच्या नमुन्यात सगळ्यात आधी बहुधा हीच भेटेल. वरून बघितलं तर हुबेहूब मेदूवडा: बाहेर गोल कड, आत नेमकं मध्यावर गोल तोंड. बाजूनं बघितलं तर घुमट. ४०एक्सवर कवचाच्या पृष्ठभागावर अगदी बारीक, एकसारखी ठिपक्यांची जाळी दिसते. ती दिसली की शंका उरत नाही. तरुण कवच जवळपास रंगहीन असतं. वय वाढतं तसे त्यात लोह आणि मँगनीजचे क्षार साठतात आणि ते पिवळं, मग गडद तपकिरी होतं. म्हणून रंगावरून जात ठरवायची नाही. आर्सेला वल्गॅरिस साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. कवच एकदम चपटं, मोठ्या बशीसारखं असेल तर आर्सेला डिस्कॉइडिस, लहान आणि उंची व्यासाच्या निम्म्याहून जास्त असेल तर आर्सेला हेमिस्फेरिका, कडेला दातेरी टोकं असतील तर आर्सेला डेंटाटा. बाजूचं दृश्य का हवं, ते यावरून कळेल.

आर्सेलाचा एक तमाशा जरूर बघा. स्लाइडवर टाकताना ती पुष्कळदा पाठीवर पडते, तोंड वर. दिवा मंद करून दहा-पंधरा मिनिटं हात न लावता बसा. कवचाच्या आत कडेपाशी काळ्या कडेचा एक गोल बुडबुडा उमटतो आणि हळूहळू फुगतो. नवखा समजतो, कव्हर स्लिपखाली हवा अडकली. पण तो वायू तिनं आपल्याच पेशीद्रव्यात तयार केलेला असतो. त्यानं एक बाजू हलकी होते, कवच कडेवर उभं राहतं, तोंडातून निघालेला छद्मपाद काचेला पकडतो आणि ती सुलटी होते. मग बुडबुडा आक्रसत जातो. नशीब जोरावर असेल तर एकमेकींना तोंडं भिडवून बसलेल्या दोन आर्सेलाही दिसतील, एक गडद आणि एक फिकट. ते विभाजन असतं. फिकट कवच नुकतंच तयार झालेलं.

तोंड बाजूला सरकलेलं, कवचावर वाळूचे कण: सेंट्रोपिक्सिस. मागच्या कडेला काटे असतील तर बहुधा सेंट्रोपिक्सिस अॅक्युलिआटा, आकार १०० मायक्रॉनच्या आगेमागे. प्रदूषित पाण्यातही ही आणि आर्सेला तग धरतात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांतल्या गाळात तर आर्सेला हमखास असते. काटे नसलेल्या छोट्या सेंट्रोपिक्सिस मॉसमध्ये सापडतात. त्यांची जात ठरवण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका.

तोंड टोकाला, कवच वाळूचं: डिफ्लुगिया. या नावाखाली ५०-६० मायक्रॉनपासून ५०० मायक्रॉनपर्यंतची सगळी मंडळी येतात. नासपतीसारखी लांबट डिफ्लुगिया ऑब्लोंगा, मागे टोकदार शेपटी असलेली डिफ्लुगिया अॅक्युमिनाटा. कण नीट निरखा: मोठ्या कणांमधल्या फटी लहान कणांनी बुजवलेल्या, आणि मधूनच एखादा होडीच्या आकाराचा डायटम चिकटवलेला. विभाजनाआधी ही बाई वाळू गिळून आत साठा करून ठेवते आणि तोच माल लेकीच्या घराला वापरते. लेक बाहेर येते ती तयार घरासकट.

तोंडाला दाते आणि मागे काट्यांचा मुकुट असलेली गोल डिफ्लुगिया कोरोना हल्ली नेत्झेलिया या वंशात टाकतात, तेव्हा दोन्ही नावं वाचायला मिळतील. याच प्राण्यावर अमेरिकी शास्त्रज्ञ जेनिंग्ज यांनी १९१६ साली एक चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. एकाच अमीबाची लेकरं-नातवंडं वाढवून त्यांनी काटे आणि दाते मोजले, तर ते पिढ्यागणिक कमीजास्त होताना दिसले. म्हणून एक काटा जास्त दिसला की नवी जात सापडली असं जाहीर करायची घाई करू नये.

तोंडाकडची मान वाकडी, आणि कवच आखूड वाकड्या काड्या एकमेकींत गुंतवल्यासारखं असेल तर लेस्क्वेरुसिया. कळंब्यासारख्या वनस्पती असलेल्या तळ्यांत शोधण्याजोगी आहे.

इथपर्यंत सगळे जाड छद्मपादवाले झाले. आता दोरेवाले. तोंड टोकाला, कवच लंबगोल, एकमेकींवर चढलेल्या खवल्यांच्या रांगा आणि तोंडाभोवतीच्या खवल्यांना दाते: युग्लिफा. काही जातींना बारीक सिलिकाचे काटेही असतात. खवल्या दिसायला डायफ्रॅम जवळजवळ बंद करावा लागतो. छोटं, बऱ्याचदा ५० मायक्रॉनच्या आतलं, काचेसारखं स्वच्छ कवच आणि तोंड तिरकं, एका टोकाजवळ असेल तर ट्रायनेमा. मॉसच्या नमुन्यात ही ढिगानं असते, पण १०एक्सवर नजर चुकवते. मान वाकलेली, पिवळसर, बारीक गोल खवल्यांची ती सायफोडेरिया. ती तळ्याच्या गाळात.

गगनबावड्याकडे कुणाच्या परसात पाऊसभर ओली राहणारी जाड मॉस असेल तर नेबेला शोधून बघा. ती जाड छद्मपादवाल्यांतलीच. कवच चपटं, नासपतीसारखं, आणि खवल्या वेगवेगळ्या मापांच्या, कारण त्या युग्लिफासारख्या अमीबांना खाऊन त्यांच्याच घराच्या काढून लावलेल्या असतात.

कशाकशाशी गल्लत होते?

हवेचा बुडबुडा जाड काळ्या कडेचा आणि आत पूर्ण रिकामा असतो; स्लाइडवर दहा असतील तर दहा मापांचे. परागकण आणि बुरशीचे बीजाणू गोल, सुबक असतात, पण कवचासारखं उघडं तोंड त्यांना नसतं. रोटिफर या पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्याचं रिकामं कवच काट्यांमुळे सेंट्रोपिक्सिसचा भास देतं. त्यावर वाळूचा कण मात्र एकही नसतो. सगळ्यात जास्त फसवतो तो ट्रॅकेलोमोनास. तांबूस-तपकिरी, गोल, वरच्या टोकाला बारीक छिद्र. तो अमीबा नव्हे, युग्लिनाचा भाऊबंद. माप बहुधा २०-३० मायक्रॉनच, छिद्र टाचणीनं टोचल्याएवढं, आणि जिवंत असेल तर आत हिरवा रंग आणि छिद्रातून बाहेर आलेला चाबकासारखा एकच केस. सुकलेल्या मॉसमधलं कवच कधी कधी आत हवा अडकून पूर्ण काळं दिसतं. नमुना एक रात्र भिजवला की बहुतेक कवचांतली हवा निघते.

मोजमाप

मापाशिवाय ओळख अर्धवट. आयपीसमध्ये बसवायची मोजपट्टी मिळाली तर उत्तम, नाही तर साधी प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ४एक्सखाली ठेवून दृश्यवर्तुळाच्या व्यासात किती मिलिमीटर मावतात ते बघा. समजा साडेचार मिलिमीटर मावले. मग १०एक्सवर व्यास १.८ मिलिमीटर आणि ४०एक्सवर ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन. ४०एक्सवर एखाद्या कवचानं वर्तुळाचा चौथा भाग व्यापला तर ते ११० मायक्रॉनच्या घरात. हा अंदाज वंशाच्या पातळीवर पुरतो. आकडे कागदावर लिहून मायक्रोस्कोपच्या पायाला चिकटवून टाका.

प्रत्येक कवचासाठी तोंडाची जागा, तोंडाचा आकार, कवचाचा माल, लांबी-रुंदी, रिकामं की जिवंत, एवढं वहीत लिहा आणि हातानं चित्र काढा. चित्र काढताना डोळा जे बघतो ते मोबाइलचा कॅमेरा बघत नाही. फोटो काढाच, पण एका कवचाचे किमान तीन: तोंडावर फोकस, कडेवर फोकस आणि बाजूनं. एकाच फोटोवरून जाणकारही खात्रीनं नाव सांगू शकत नाहीत, तेव्हा त्यांना दोष देऊ नका. ‘डिफ्लुगिया, जात माहीत नाही’ ही नोंद पूर्णपणे प्रतिष्ठित आहे. इंटरनेटवरच्या चित्राशी जुळवून ठोकून दिलेल्या नावापेक्षा तर कितीतरी बरी.

स्लाइड, जिवंत नमुने आणि आपला पाऊस

चांगलं रिकामं कवच जपून ठेवायचं तर पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून त्यात घ्या, एक-दोन दिवसांत पाणी उडून ग्लिसरीन दाट होऊ द्या, मग कव्हर स्लिप ठेवून कडा नेलपॉलिशनं बंद करा. सुरुवातीपासून शुद्ध ग्लिसरीनमध्ये टाकलेली पातळ कवचं चेपतात. जिवंत आर्सेला वाढवायची असेल तर उथळ भांड्यात तळ्याचंच पाणी, पाणवनस्पतीची एक काडी आणि उकळलेले दोन-तीन गव्हाचे दाणे टाकून झाकून ठेवा. दाण्यांवर जीवाणू वाढतात आणि त्यांच्यावर आर्सेला. पाण्याला घाण वास यायला लागला तर दाणे जास्त झाले. एक काढून टाका. स्लाइड रात्रभर ओली ठेवायची तर डब्यात ओला टिश्यू अंथरून, त्यावर आगपेटीच्या दोन काड्या आणि काड्यांवर स्लाइड, वर झाकण.

मायक्रोस्कोपचं म्हणाल तर आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढायला वेळ लागत नाही, आणि एकदा काच खाल्ली गेली की डाग जात नाही. वापर झाल्यावर ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून पुन्हा निळे करून घ्या. त्यासाठी तवा मात्र वेगळा ठेवा, भाकरीचा घेऊ नका.